मास्टर फाइलच्या पोटात नावं लिहिताना

मास्टरिंग, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात, झालं, गायकाने 'ओके' कळवलं, फाइल ड्राइव्हवर चढली की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. आम्ही त्यानंतर दर ट्रॅकमागे आणखी थोडा वेळ घालतो. गाण्याचं नाव, गायक, कवी, संगीतकार, वादक, आयएसआरसी कोड (ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) आणि हक्कधारक ही सगळी माहिती (मेटाडेटा किंवा टॅग) फाइलच्या आत लिहून, तपासून मगच ती बाहेर सोडतो. पाच अभंग, दोन भावगीतं आणि एक पखवाजवादन अशा आठ ट्रॅकच्या अल्बमवर हे काम कसं केलं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे स्टुडिओतून निघणाऱ्या न दाबलेल्या ध्वनिफाइलमध्ये, कितीही नीट माहिती भरली तरी ती आपोआप स्पॉटिफायवर किंवा ॲपल म्युझिकवर दिसत नाही. गाणी या सेवांवर चढवणारा वितरक तुमच्याकडून फॉर्म भरून घेतो, त्यावरून डीडीईएक्स या प्रमाणित साच्यातली एक्सएमएल फाइल तयार होते आणि ती ध्वनिफाइलसोबत पुढे जाते. श्रोत्याला दिसतं ते फॉर्ममधलं. तसंच, फाइलमध्ये नाव लिहिलं म्हणजे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे रचनेची नोंद झाली असंही नाही. ती वेगळी करावीच लागते.

मग आत लिहायचं कशाला? कारण फॉर्म वितरकाच्या खात्यात बसून राहतो आणि फाइल गावभर हिंडते. रेडिओचा निवेदक, वेबमालिकेसाठी गाणी निवडणारा, रीमिक्स करणारा, दहा वर्षांनी जुनी हार्ड डिस्क उघडणारा घरातलाच कुणी, यांच्यापैकी कोणाकडेही तो फॉर्म नसतो. आकाशवाणीवर गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं सांगायची पद्धत आपल्या कानांत बसलेली आहे. पण निवेदकाला ती नावं कुठून तरी मिळायला हवीत ना! १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाणं संपता संपता त्यांनी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या माणसांना आवाजावरून गायिका ओळखता येण्याची शक्यता नव्हती, म्हणून नाव थेट ध्वनीतच कोरलं गेलं. मास्टरमध्ये मेटाडेटा ठेवण्याचा याहून रोकडा नमुना सापडणार नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२-ए नुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष असायला हवं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-बी त्याच्या पुढे जातं: हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अर्थात कुणी ती काढली असं म्हणायला मुळात ती तिथे असावी लागते.

कामाची सुरुवात मास्टरिंगच्या आधी, एका साध्या तक्त्यापासून होते. एका ओळीत एक ट्रॅक. शीर्षक देवनागरीत, शीर्षक रोमनमध्ये, मुख्य कलाकार, कवी, संगीतकार, संगीत संयोजक, वादक वाद्यांसकट, ध्वनिमुद्रक, ध्वनिमुद्रणाची जागा आणि तारीख, मास्टरिंग कोणी केलं, हक्कधारक, वर्ष, कोड. हा तक्ता ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओतच भरून घ्यावा. चार महिन्यांनी 'तिसऱ्या अभंगात टाळ कोणी धरले होते' हे विचारायला गेलं की गायक एक नाव सांगतो, संयोजक दुसरं. प्रत्येकाने आपलं नाव दोन्ही लिप्यांत स्वतःच्या हाताने लिहून द्यावं असा आमचा आग्रह असतो. एकच पखवाजवादक एका ट्रॅकवर पूर्ण नावाने आणि दुसऱ्यावर आद्याक्षरांनी आला तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. 'पं.', 'बुवा', 'ह.भ.प.' या उपाध्या मुखपृष्ठावर शोभतात. नावाच्या रकान्यात त्या नकोत. कुणी लावतो, कुणी लावत नाही, आणि तेवढ्यावरून नावं फुटतात.

अभंगांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो कवी आणि संगीतकार या दोन रकान्यांत. अभंग तुकोबांचा, चाल आजच्या संगीतकाराची. कवीच्या जागी संत तुकाराम आणि संगीतकाराच्या जागी चाल लावणाऱ्याचं नाव, हे सरळ आहे. तरीही दोन्हीकडे 'पारंपरिक' असं ठोकून दिलेल्या फाइली सर्रास येतात. शब्दांवर आता कोणाचा हक्क नसला तरी नव्या चालीवर संगीतकाराचा आहे, आणि 'पारंपरिक' लिहिताच तो कागदावरून पुसला जातो. खरोखरच वारकरी परंपरेतली चाल असेल तेव्हाच तसं लिहावं. राग आणि ताल यांसाठी मात्र कोणत्याही टॅगपद्धतीत स्वतंत्र जागा नाही. पखवाजवादनाच्या ट्रॅकला आम्ही ताल शीर्षकातच लिहिला आणि टिप्पणीतही पुन्हा दिला.

आता कोड. आयएसआरसी हा आयएसओ ३९०१ मानकातला बारा अक्षरांचा कोड असतो. तो ध्वनिमुद्रणाला मिळतो, रचनेला नाही. एकच अभंग दोन गायकांनी गायला तर दोन कोड. भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था याचं काम बघते. छोटे कलाकार बहुतेक वितरकाकडूनच कोड घेतात. पहिल्या पाच जागा नोंदणीधारकाच्या, पुढच्या दोन वर्षाच्या, शेवटच्या पाच अनुक्रमांकाच्या. हे वर्ष कोड दिल्याचं असतं, ध्वनिमुद्रणाचं नव्हे. त्यामुळे तारखा जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. शेवटच्या सात जागी कायम आकडेच येतात. तिथे शून्याऐवजी इंग्रजी ओ किंवा एकाऐवजी आय पडला असेल तर तो टायपिंगचा दोष, लगेच पकडता येतो. छापताना मध्ये आडव्या रेघा देतात, फाइलमध्ये मात्र सलग बारा अक्षरंच लिहायची.

लहान केलेली रेडिओ आवृत्ती, गायनाविना फक्त संगीत, मैफिलीतलं सादरीकरण, डॉल्बी ॲटमॉस मिक्स, या प्रत्येकाला वेगळा कोड. २४ बिटची फाइल, तिची १६ बिट प्रत आणि एमपी३ यांना मात्र एकच. वितरक बदलताना जुनाच कोड नव्याकडे द्यावा. नवा कोड घेतला की आधीची प्लेसंख्या जुन्या नोंदीवरच अडकून राहते, आणि हे लक्षात येईपर्यंत बहुधा गाणं दोनदा चढलेलं असतं.

खरी कटकट फाइलच्या आतल्या रचनेची आहे. वेव्ह फाइल ही १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी आणलेल्या रिफ रचनेवर उभी आहे. आत एकापाठोपाठ एक कप्पे असतात, त्यांना चंक म्हणतात. एका चंकमध्ये सॅम्पल रेट आणि बिट (ध्वनी सेकंदाला किती वेळा आणि किती बारकाईने मोजला ते), एकात प्रत्यक्ष ध्वनी. माहिती ठेवायला मात्र एकच अशी जागा नाही. चार-पाच आहेत, आणि समोरचा प्रोग्रॅम त्यांतली कोणती वाचेल याचा नेम नाही.

सगळ्यात जुना इन्फो चंक. विंडोज तोच दाखवतं. यात शीर्षक, कलाकार, वर्ष, टिप्पणी अशी चार अक्षरी संकेतनामं असतात, आणि इथे एक सापळा आहे. आयएसआरसी याच नावाचं एक खातं या चंकमध्ये आहे, पण त्याचा अर्थ 'मूळ सामग्री कोणाकडून आली'. ध्वनिमुद्रण कोडाशी त्याचा काही संबंध नाही. नाव बघून तिथे कोड टाकणारे खूप आहेत. त्याने बिघडत काही नाही, पण कोड शोधणारा प्रोग्रॅम तिथे बघेलच असं नाही.

दुसरा बेक्स्ट चंक. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये प्रसारण केंद्रांसाठी ठरवलेल्या ब्रॉडकास्ट वेव्हचा हा गाभा. वर्णनाला २५६ अक्षरं, निर्मात्याला ३२, संदर्भ क्रमांकाला ३२, तारखेला बरोबर १०, वेळेला ८. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत लाउडनेसची, म्हणजे गाणं किती मोठं ऐकू येतं याची, खातीही आली. तिथे आकडा शंभरपट करून लिहितात, म्हणजे उणे १४ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) असेल तर उणे १४००. याच चंकमध्ये टाइम रेफरन्स, म्हणजे ध्वनी टाइमलाइनवर कुठे सुरू होतो तो आकडा, असतो. त्याला हात लावू नये. स्टेम (गाण्यातल्या वाद्यांच्या, आवाजांच्या सुट्या फाइली) दुसऱ्या स्टुडिओत उघडल्यावर आपापल्या मूळ जागी बसतात ते या आकड्यामुळे; टॅग लिहिता लिहिता एखाद्या प्रोग्रॅमने तो शून्य केला की सगळी स्टेम सुरुवातीला येऊन पडतात.

बेक्स्टमध्ये आयएसआरसीसाठी खातं नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या नियमानुसार तो एएक्सएमएल या तिसऱ्या चंकमध्ये जातो. चौथी जागा म्हणजे एमपी३ मुळे ओळखीचा झालेला आयडी३ टॅग, तोही एक चंक म्हणून वेव्हमध्ये बसतो. त्यात कोडाला टीएसआरसी, संगीतकाराला टीसीओएम आणि कवीला टेक्स्ट अशी वेगळी खाती आहेत. आपल्या संगीताला हीच रचना सगळ्यात सोयीची, कारण कवी आणि संगीतकार वेगळे राहतात. आम्ही २.४ ऐवजी २.३ आवृत्ती लिहितो, ती जास्त ठिकाणी वाचली जाते. वादकांची नावं त्यातल्या सहभागी व्यक्तींच्या यादीत जातात, पण ती यादी फार थोडे प्लेअर दाखवतात. म्हणून तीच नावं टिप्पणीत पुन्हा लिहितो. पुनरुक्ती झाली तरी चालेल, टाळकऱ्याचं नाव दिसलं पाहिजे.

देवनागरी कुठे चालते? आयडी३ आणि एएक्सएमएलमध्ये निर्धास्त. इन्फो चंकमध्ये लिपीची कोणतीच निश्चिती नाही, आणि बेक्स्ट मुळातच साध्या रोमन अक्षरांसाठी आहे. तिथे मराठी लिहिलं की पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. जागाही पुरत नाही. 'विठ्ठल' हा दिसायला तीन अक्षरांचा शब्द, पण संगणकाच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका विठ्ठलाला अठरा. बत्तीस बाइटच्या खात्यात दुसरा विठ्ठल मावत नाही, अर्ध्यात तुटतो. म्हणून आमची विभागणी ठरलेली आहे: बेक्स्ट आणि इन्फो रोमनमध्ये, आयडी३ देवनागरीत, टिप्पणीत रोमन शीर्षक. ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वर्तुळातल्या पीचं चिन्हही जुन्या लिपिसंचात नाही, त्यामुळे बेक्स्टमध्ये ते शब्दांत लिहावं लागतं.

मराठीपुरती आणखी एक खोच आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला तो अर्धा र (ऱ्) दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक नुक्ता असलेला ऱ वापरतात, तर काही साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला नाहीत. अल्बममध्ये एकच पद्धत ठेवावी, आणि शीर्षक पुन्हा टाइप न करता तक्त्यातूनच उचलावं.

लिहिण्याचं काम अगदी शेवटच्या बाउन्सनंतर (बाउन्स किंवा रेंडर म्हणजे प्रोजेक्टमधून तयार ध्वनिफाइल काढणं). आधी टॅग लिहिले आणि मग 'आवाज अर्धा डीबी वाढवा' असं आलं की नव्या रेंडरमध्ये सगळं गेलं. रीपर किंवा वेव्हलॅबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करतानाच मेटाडेटा घालता येतो, आणि प्रोजेक्टमध्ये ती माहिती साठवून ठेवली तर हा त्रास कमी होतो. अल्बम हातात तयार वेव्ह स्वरूपात आला असेल तर बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हे मोफत साधन बेक्स्ट, इन्फो आणि एएक्सएमएलसाठी उत्तम. त्यात सीएसव्ही तक्ता (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) घेता येतो, आठही फाइली एका झटक्यात भरतात. आयडी३ साठी किड३ किंवा एमपी३टॅग.

सीएसव्ही करताना एक्सेल दोन खोड्या काढतं. तारीख स्वतःच्या पद्धतीने उलटसुलट करतं. बेक्स्टला वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने दहा अक्षरं लागतात. आणि साध्या सीएसव्हीत जतन केलं की देवनागरी मोडते. यूटीएफ-८ असा पर्याय निवडून घ्यावा लागतो. तारखेचा रकाना आधीच 'मजकूर' प्रकारचा करून ठेवला की पहिली खोडी बंद होते. आयट्यून्समध्ये वेव्हला नावं भरून निर्धास्त होणारेही भेटतात. ती नावं आयट्यून्सच्या स्वतःच्या यादीत राहतात. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की पाटी कोरी. ज्यांना ॲपलच्याच वातावरणात राहायचं आहे त्यांनी वेव्हसारखीच ॲपलची एआयएफएफ फाइल घ्यावी, तिच्यात टॅग फाइलसोबत जातात.

'टॅग लिहिल्याने आवाज बदलतो का' हा प्रश्न जवळपास प्रत्येक गायक विचारतो. नाही बदलत, आणि ते सिद्ध करता येतं. संपूर्ण फाइलची एमडी५ बेरीज (आतल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) टॅगनंतर बदलणारच, कारण फाइल बदलली. बघायची ती फक्त ध्वनीच्या चंकची बेरीज. बीडब्ल्यूएफ मेटाएडिट ती काढून फाइलमध्येच ठेवू शकतं. एफएफएमपेग या मोफत साधनाने काढत असाल तर ध्वनी आहे तसा कॉपी करण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर तो २४ बिटचं १६ बिट करून बेरीज काढतो आणि दोन वेगळ्या फाइलीही सारख्या वाटू शकतात. आकड्यांवर विश्वास नसेल तर दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवून एकीची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी करावी आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. पूर्ण शांतता आली पाहिजे.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. काही टॅग-प्रोग्रॅम आयडी३ चंक न करता तो फाइलच्या अगदी सुरुवातीला चिकटवतात. मग फाइल 'रिफ' या अक्षरांनी सुरू होत नाही आणि अनेक सॉफ्टवेअर ती उघडायलाच नकार देतात. उलट काही जुनी प्लेबॅक यंत्रं असं धरून चालतात की पहिले ४४ बाइट सोडले की पुढे शेवटपर्यंत ध्वनीच. त्यांना चंक दिसत नाहीत. मजकूर ध्वनी समजून वाजवला जातो आणि गाण्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी खरखरीत ठिणगी ऐकू येते. प्रसारणासाठी पाठवायची फाइल म्हणूनच निदान एकदा शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकावी. तिसरा दोष सूक्ष्म आहे. चंकची लांबी विषम असेल तर मागे एक भरीचा बाइट हवा; तो राहिला की पुढचे सगळे चंक वाचणाऱ्याला दिसेनासे होतात. टॅग लिहिले होते, पण मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काहीच दिसत नाही, असं झालं तर पहिला संशय यावर घ्यावा.

मीडियाइन्फोनेच आम्ही प्रत्येक फाइल शेवटी तपासतो, आणि लिहिणाऱ्या संगणकावर नव्हे तर दुसऱ्या. या तपासणीत नको असलेली माहितीही सापडते: स्टुडिओच्या संगणकाचं नाव, प्रोजेक्टच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग, कधी 'फायनल-फायनल-२' असं जुनं वर्णन. ते साफ करावं. खासगी मोबाइल क्रमांक कुठेही नसावा. एकदा बाहेर गेलेल्या प्रती परत गोळा करता येत नाहीत. संपर्कासाठी कामाचा ईमेल पुरतो.

मुखपृष्ठाचं चित्र वेव्हमध्ये आम्ही घालत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ मास्टर मिनिटाला साधारण १७ एमबी घेतं, त्यात दोन-तीन एमबीने वजन वाढतं हा मुद्दा नाही; पण चित्र असलेल्या वेव्हवर अडखळणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. चित्र फ्लॅक (ध्वनी न गमावता दाबलेली फाइल) आणि एमपी३ प्रतींमध्ये जातं. फ्लॅकचे टॅग पूर्ण यूटीएफ-८, देवनागरीला कसलीच अडचण नाही, आणि ध्वनीची एमडी५ त्यात जन्मतःच असते. वेव्हवरून फ्लॅक करताना बेक्स्टसारखे चंक राखायचे असतील तर त्याचा पर्याय स्वतः चालू करावा लागतो. तो विसरला तर परत वेव्ह केल्यावर फक्त ध्वनी हाती येतो. सॅम्पल रेट बदलणारे प्रोग्रॅमही बहुतेकदा चंक गाळतात. म्हणून ४४.१ किलोहर्ट्झची प्रत काढली की तिला टॅग नव्याने, त्याच तक्त्यावरून.

गायकाला पाठवायच्या फोल्डरमध्ये टॅग केलेल्या वेव्ह, त्यांच्या एमपी३, मूळ तक्ता आणि एमडी५ बेरजांची साधी मजकूर-फाइल असं सगळं जातं. व्हॉट्सॲपने पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून. वितरकाचा फॉर्मही याच तक्त्यावरून चिकटवून भरायचा, आठवणीने टाइप करून नाही. आणि पुढे कधी त्या आठांपैकी एखाद्याचं मिक्स बदललं तर आधी ठरवायचं की जुनाच कोड चालेल की नवा लागेल. नुसती पातळी बदलली असेल तर जुना. वादन नव्याने घेतलं किंवा रचना कापली-जोडली असेल तर नवा. मग तक्त्यात नवी ओळ घालायची, जुनी तशीच राहू द्यायची.